डावीकडचे ओरखडे

गाडी घेतली की माणूस चार दिवसांत तिचे अनुभव सांगायला लागतो. पिकअप कसा आहे, ॲव्हरेज किती देते, एसी लवकर थंड होतो की नाही. कुणी तारे देतं, कुणी शिव्या देतं. मालकाबद्दल गाडीचा अनुभव काय, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं. मी एक छोटी, स्वस्तातली, आता बऱ्यापैकी जुनी झालेली गाडी. माझा रंग पांढरा होता. सध्या तो कोणता आहे, यावर दुमत आहे.

मी जन्मले तेव्हा कारखान्यात एकच गोष्ट बोलली जायची : खर्च कमी करा. त्यामुळे जे जे बिघडू शकतं ते ते त्यांनी आधीच काढून टाकलं. मागच्या काचा हाताने फिरवायच्या. आरसे बाहेर हात काढून हलवायचे. स्क्रीन नाही, कॅमेरा नाही, मागे भिंत आली की पीं पीं करणारं यंत्र नाही. लोक मला भरवशाची म्हणतात तेव्हा मला खरं तर संकोच वाटतो. माझ्यात बिघडायला काही ठेवलंच नव्हतं.

शोरूममध्ये मी एका खांबामागे उभी होते. विक्रेता गिऱ्हाइकांना माझ्याकडे आणायचा तो मोठ्या गाड्या दाखवून दमल्यावर, आणि आणतानाच म्हणायचा, "बजेट थोडं वाढवता आलं तर बघा." एके दिवशी एक उंच, सडसडीत गृहस्थ आले. बरोबर बायको आणि दोन वेण्या घातलेली मुलगी. गृहस्थांनी इंजिन पाहिलं नाही, डिकी पाहिली नाही. खिशातून मऊ फडकं काढून त्यांनी माझी पुढची काच पुसली आणि मान तिरकी करून तिच्यातून आरपार पाहिलं.

"काच चांगली आहे," ते म्हणाले. "कुठे लाट नाही."

 माझ्या काचेची स्तुती विक्रेत्याने पहिल्यांदाच ऐकली होती. मीसुद्धा.

बायकोने मुद्द्याचं विचारलं, "बंद तर नाही ना पडणार?"

"वहिनी," तो म्हणाला, "बंद पडायला हिच्यात आहेच काय?"

तो हे हिणवून म्हणाला होता. मी ते कौतुक म्हणून घेतलं आणि त्यांच्या घरी गेले.

गृहस्थांचं चष्म्याचं दुकान होतं. वर घर, खाली दुकान, आणि दुकानाच्या काचेसमोर माझी जागा. सगळी गल्ली त्यांना चष्मेकाका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. काचेतून मला आतलं सगळं दिसायचं : भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, फ्रेमच्या ओळी, आणि कुणाच्या तरी कानामागे चष्म्याची दांडी नीट बसवत वाकलेले काका. दांडी गरम करायची, वाकवायची, घालून बघायची, पुन्हा काढायची. "टोचतंय का कुठे?" हे ते असं विचारायचे की माणसाला आयुष्यात इतर ठिकाणी टोचणाऱ्या गोष्टीही सांगाव्याशा वाटत. पुष्कळजण सांगतही.

ज्यांना दुकानात येता यायचं नाही त्यांच्याकडे काका स्वतः जायचे. त्यासाठीच तर मला घेतलं होतं. मागच्या सीटवर भिंगांची लाकडी पेटी, गुंडाळलेला तक्ता, फ्रेमचे ट्रे आणि त्यांच्यामध्ये चेपून बसलेली लेक. पुढे डावीकडे काकू, मांडीवर थर्मास. काकांचा नियम होता, चष्मा तयार झाला की त्याच दिवशी पोचवायचा. "माणूस तिकडे अंदाजाने जगतोय," ते म्हणायचे, "आणि आपण इकडे उद्या करू म्हणायचं?"

एवढ्या वर्षांत मी एकदाही बंद पडले नाही. कडाक्याच्या थंडीत पहिल्या फेऱ्यात चालू. गुडघाभर पाण्यातून बाहेर. माझ्या तक्रारी दोनच. डावीकडे वळलं की समोरचा कप्पा आपोआप उघडायचा आणि काकूंच्या गुडघ्यावर आपटायचा. आणि माझा हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजायचा. लेक म्हणायची, "बाबा, कप्पा दुरुस्त करून घ्या." काका म्हणायचे, "तो बिघाड नाही. स्वभाव आहे." आपला तो बाब्या, दुसरं काय.

समोरच्या घरात एक मोठी गाडी होती. तिच्यामुळे तिच्या मालकांना सगळे मोठेसाहेब म्हणत. ती गाडी बोलायची. पट्टा लावा, दार उघडं आहे, टायरमध्ये हवा कमी आहे. एकदा मोठेसाहेबांना विमान गाठायचं होतं आणि ती एवढंच म्हणाली, "कृपया सेवा केंद्राशी संपर्क साधा." नंतर ती काहीच बोलेना. काकांनी साहेबांना माझ्यात बसवलं, एक बॅग त्यांच्या मांडीवर, दुसरी डोक्याशी. विमान मिळालं. उतरताना साहेब म्हणाले, "आवाज येतो हं जरा हिचा." मूर्ती लहान आणि कीर्ती महान असली की लोकांना आवाजच ऐकू येतो.

आमच्या मेकॅनिकचं नाव बघू. खरं नाव काहीतरी वेगळं असणार, पण काहीही विचारलं की तो "बघू" म्हणायचा. किती खर्च येईल? बघू. कधी मिळेल? बघू. माझ्याकडे बघण्यासारखं काही नसायचं. तेल बदलायचा, बॉनेटवर थाप मारायचा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "ही माझ्या हातची आहे." माझ्यामुळे त्याला पैसा मिळाला नाही, पण नाव मिळालं.

काकांना रस्त्यात कुणीही थांबवून विचारायचं, "किती देते?" काका आकडा सांगायचे आणि वर म्हणायचे, "पण आकड्यावर जाऊ नका. किल्ली फिरवली की ही हो म्हणते. घरात असं दुसरं कोण आहे?" काकू शेजारी असल्या तरी म्हणायचे. नसल्या तर जास्त जोरात.

तर असे आमचे दिवस गेले. लेक मोठी झाली, डोळे तपासायचं रीतसर शिकली आणि वडिलांच्याच दुकानात बसू लागली. लग्न झालं, दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. सकाळी स्कूटरवरून दुकानात यायची. काकांचे केस माझ्या रंगाचे झाले, म्हणजे माझ्या मूळ रंगाचे.

आणि मग माझ्या डाव्या बाजूला ओरखडे यायला लागले.

पहिला ओरखडा चाकाच्या कडेला. फुटपाथला घासले. काका खाली उतरले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हा फुटपाथ बाहेर काढलाय यांनी." फुटपाथ होता तिथेच होता. दुसरा ओरखडा दरवाज्याला. तो एका खांबाचा होता, आणि खांबालाही कुणी बाहेर काढलं नव्हतं. मग डावा आरसा मोडला. उजवी बाजू कोरी करकरीत. समोरचं काकांना लांबून दिसायचं, दुकानांच्या पाट्या ते वाचून दाखवायचे. पण डावीकडून येणारी सायकल, डावीकडून येणारं माणूस, अगदी माझ्या नाकासमोर येईपर्यंत त्यांच्या लेखी नसायचंच.

काकूंना हे माझ्याइतकंच लवकर कळलं.

"अहो, सायकल."

"दिसतेय."

"दिसतेय तर हळू करा ना."

"करतोच आहे. तू गप बस."

हे संवाद वाढत गेले. "अहो, डावीकडे." "दिसतंय." "अहो, म्हातारे गृहस्थ." "दिसताहेत." काकूंनी सांगितल्यानंतर ब्रेक लागायचा, आधी नाही. काकूंच्या पायाखाली ब्रेक नव्हता. तरी त्या उजवा पाय दाबायच्या. असा आणि इतक्या वेळा की त्यांच्या बाजूच्या पायपुसण्याला, नेमकं जिथे ब्रेक असायला हवा होता तिथे, भोक पडलं. डावीकडचं सगळं आता काकूच बघत होत्या, आणि काका त्यांना गप बस म्हणत होते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. या आजाराला काचबिंदू म्हणतात हे मला काकांकडूनच कळलंय. दुकानात कुणी सांगितलं की काका, कडेचं जरा अंधूक वाटतंय, की ते चष्म्याचं बाजूला ठेवायचे. "चष्म्याचं काम नाही हे. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. गेलेलं परत येत नाही, पण आहे ते राखता येतं. लाजायचं काय त्यात?" दर वेळी हेच शब्द. मला पाठ आहेत.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लेकीने काकांना स्टुलावर बसवलं. काकू दाराशी उभ्या.

"बाबा, बाजूची नजर बघते. एवढं केलं की विषय संपला."

"बापाची परीक्षा घेतेस?" काका म्हणाले. पण बसले.

परीक्षा साधी असते. समोरच्याने सरळ नाकाकडे बघायचं. तपासणारा हात बाजूने हळूहळू आत आणतो, बोटं हलवतो. दिसली की म्हणायचं, दिसलं. लेकीला ही तपासणी काकांनीच शिकवलेली. कॉलेजात जायच्या कितीतरी आधी, माझ्या मागच्या सीटवर. आधी उजवीकडे, मग वर, मग खाली, मग डावीकडे. हात एका लयीत आणायचा, घाई करायची नाही. लेक अजूनही त्याच लयीत तपासायची. बापाने शिकवलेलं, ती कशाला बदलेल?

उजवीकडे. "दिसलं." वर. "दिसलं." खाली. "दिसलं." डावीकडे. "दिसलं."

बरोबर वेळेवर. काकूंनी सुस्कारा सोडला. लेक म्हणाली, "पुन्हा एकदा."

उजवीकडे, वर, खाली. मग डावीकडची पाळी आली. मी काचेतून बघत होते. लेकीने या वेळी डावीकडे हात उचललाच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली.

लय पूर्ण झाली. "दिसलं," काका म्हणाले.

लेकीने काकूंकडे पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं. "बरोबर बाबा," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली. पाणी बराच वेळ वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी ती बघूकडे गेली. मी तिथेच होते, तेल बदलायला.

"दादा, ही बंद पाडून द्या."

बघू आयुष्यात पहिल्यांदा "बघू" म्हणाला नाही. "नाही," तो म्हणाला. "ताई, ही गाडी माझ्या हातून बंद पडली तर मी दुकान कशाला उघडू?"

लेकीने त्याला सगळं सांगितलं. सांगता सांगता ती रडली. बघूने हात पुसले, पुन्हा पुसले. मग माझं बॉनेट उघडून त्याने एक रिले उपसून काढला. रिले म्हणजे काडेपेटीच्या निम्म्याएवढा, काळा ठोकळा. तो नसला की किल्ली फिरवूनही इंजिन जागं होत नाही. त्याने तो लेकीच्या हातावर ठेवला. "तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे राहिला तर मी परत लावेन." मग माझ्याकडे न बघताच तो मला ढकलत जागेवर पोचवायला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी किल्ली फिरवली. टक्. बस्स, तेवढंच. काकांनी परत फिरवली. टक्. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरून मोठेसाहेब आले, कुणाच्या मयताला यावं तसे. "काय, आज बंद?" त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते नीट बसलेलं नव्हतं.

"ही बंद पडत नाही," काका म्हणाले.

"पडलीय ना पण."

"ही बंद पडत नाही," काकांनी पुन्हा सांगितलं आणि बॉनेट उघडलं. समोरचं त्यांना स्वच्छ दिसायचं हे मी सांगितलंच आहे. आयुष्यभर चष्म्याचे स्क्रू बसवलेला माणूस. त्यांना रिकामी खाच दिसली. रिले आपोआप गळून पडत नाही. कुणी काढला असेल हे समजायला त्यांना फार वेळ लागला नसावा, कारण ते बराच वेळ नुसतेच उभे राहिले. मग ओठ घट्ट मिटले. हॉर्नचाही रिले अगदी तसाच असतो, जुळा भाऊ. काकांनी हॉर्नचा काढला आणि इंजिनाच्या खाचेत बसवला. किल्ली फिरवली.

मी चालू झाले. माझा इलाज नव्हता. गाडीला नाही म्हणता येत नाही, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाटलं की यायला हवं होतं.

पलीकडच्या वस्तीतल्या एका निवृत्त बाईंचा चष्मा तयार होता. तो पोचवायचा होता. काकू थर्मास न घेताच धावत येऊन शेजारी बसल्या. "आज राहू द्या ना हो."

"बाई अंदाजाने जगताहेत तिकडे."

आता परिस्थिती अशी होती की चालकाला डावीकडचं दिसत नव्हतं आणि मला ओरडता येत नव्हतं. आम्ही गल्लीतून निघालो. काकूंचा पाय भोकावर होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या अलीकडे डावीकडून एक बोळ येऊन मिळतो.

"अहो, डावीकडे!"

"दिसतंय," काका म्हणाले.

पण ब्रेक लागला नाही. सवयीने शब्द आला, पाय आलाच नाही. बोळातून एक स्कूटर बाहेर येत होती, आणि तिच्यावर लेक होती.

काकूंनी पायाखालचा खोटा ब्रेक दाबला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हात घातला तो मधल्या हँडब्रेकला, आणि दोन्ही हातांनी तो वर ओढला. मागची चाकं किंचाळली. इंजिनाने आचका दिला आणि भर रस्त्यात मी बंद पडले. कप्पा उघडून काकूंच्या गुडघ्यावर आपटला. लेकीच्या चाकात आणि माझ्या बंपरमध्ये एखादी पातळ वही मावली असती, जाड पुस्तक नाही.

 लेकीने हेल्मेट काढलं.  "काय झालं?"

काका समोर बघत होते.  काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, "काही नाही गं. गाडी बंद पडली. भरवसा राहिला नाही हिचा."

लेकीची पर्स उघडी होती आणि तिच्यात माझा रिले होता. बापाला फसवलं म्हणून तिला राहवलं नव्हतं, तो परत द्यायलाच ती निघाली होती. म्हणजे मी चालू कशी होते, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. तिने विचारला नाही.

"हो," काका म्हणाले.  "गाडी बंद पडली."

त्यांनी माझ्याविरुद्ध उच्चारलेले हे पहिले शब्द.

एकदा बंद पडली म्हटल्यावर चालू करता येईना. म्हणून धडधाकट गाडीला चौघांनी ढकलत घरी आणलं. लेक स्टिअरिंगवर, काका आणि काकू मागून, आणि मोठेसाहेब आनंदाने धावत येऊन डावीकडून. बघूला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाच्या खाचेत हॉर्नचा रिले पाहिला, मान वर केली, तिघांचे चेहरे पाहिले. सगळे त्याच्याकडे बघत होते.

"काही होण्यासारखं नाही," बघू म्हणाला आणि त्याने बॉनेट लावून टाकलं. त्या दिवसापासून गल्लीत लोक म्हणू लागले की बघूच्या हातातही पूर्वीचं राहिलं नाही.

मला वाटलं, चला, आपलं नाव गेलं पण माणूस वाचला. नाव काय, शोरूममध्येही फारसं नव्हतंच. मी आनंदाने बंद राहिले. काका टॅक्सीने जाऊ लागले. बघू अधूनमधून येऊन गुपचूप माझी बॅटरी चार्ज करून जायचा. मेलेल्या गाडीची. काका दुकानातून बघायचे आणि मान फिरवायचे.

पण माझी एक मोठी चूक झाली होती, ती मला काचेतून दिसू लागली. लेक म्हणायची, "बाबा, एकदा डोळे दाखवून येऊ."

"डोळ्यांना काय झालंय? गाडी बंद पडली होती ती."

काकू म्हणायच्या, "अहो, ती म्हणते तर जाऊन या."

"तूच म्हणालीस ना, गाडी बंद पडली?"

यावर काकूंना बोलता यायचं नाही. आणि मी तर मुकीच. त्यांची लाज झाकायला मी पांघरूण झाले होते, आणि त्या पांघरुणाखाली त्यांची उरलेली नजर चालली होती. ओरखडे आता माझ्यावर येत नव्हते. ते काकांवर येत होते. डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. डाव्या कोपरावर निळा डाग, मग त्यावर दुसरा. एकदा फ्रेमचा अख्खा स्टँड डाव्या हाताने खाली आला. गिऱ्हाईक दचकलं. काका म्हणाले, "हा स्टँड कुणी बाहेर काढला?"

शेवटी मला भंगारात द्यायचं ठरलं. भंगारवाला दोर घेऊन आला. निरोप द्यायला बघू आला. मोठेसाहेब गच्चीत उभे राहिले. तेवढ्यात दुकानात चष्म्याचं नाकावरचं पॅड बदलायला आलेली एक नर्स बाहेर आली. घरोघरी जाऊन पेशंटना इंजेक्शन देणं, ड्रेसिंग करणं हे तिचं काम. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काका, ही भंगारात? माझे बाबा सांगायचे, चष्मेकाकांची गाडी बंद पडत नाही. काय झालं हिला?"

 भंगारवालाही काकांकडे बघू लागला. तो वजन बघणारा माणूस, गाडी का देताय हे त्याने कधी विचारलं नव्हतं, पण आता त्यालाही ऐकायचं होतं.

"मला अशीच एक छोटी गाडी हवी होती," नर्स म्हणाली. "किल्ली फिरवून बघू एकदा?"

"उपयोग नाही, ताई," बघू घाईने म्हणाला.

"नको गं, उगाच कशाला," काकू म्हणाल्या.

"तिचं सगळंच गेलंय," लेक म्हणाली.

तिघंही एकदम बोलले. किल्ली भंगारवाल्याच्या हातात होती, त्याने ती देऊन टाकली. नर्स आत बसली. मी जिवाच्या आकांताने ठरवलं, चालू व्हायचं नाही. तिने किल्ली फिरवली. मी पहिल्या फेऱ्यात चालू झाले. स्वभाव.

"अहो, चालू झाली की!" गच्चीतून मोठेसाहेब ओरडले.

 काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मला वाटतं आणखी एक खोटं त्यांच्या ओठावर आलं होतं. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. मग नर्सकडे वळले, पण बोलले सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पोरी, गाडीत काही बिघाड नाही. कधीच नव्हता. मला डावीकडचं दिसत नाही. माझी मुलगी डावीकडून येत होती. मला ती दिसली नाही, आणि मी दिसतंय म्हणालो. गाडीचं नाव पुढे केलं. बिचारीने एवढी वर्षं मला कधी दगा दिला नाही, आणि मी भर रस्त्यात तिच्यावर ढकललं."

लेक येऊन त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. "बाबा, मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं, हे मला माहीत होतं," काका म्हणाले. "डावीकडे तू बोटं हलवलीच नव्हतीस. घरी जाऊन तुझं तोंड आठवलं तेव्हा कळलं. चल, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांग."

लेक त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आजच्या आज जायचं. लाजायचं काय त्यात?"

"मग मी जाऊ?" भंगारवाल्याने विचारलं.

तो गेला. नर्सने व्यवहार केला. लेकीने पर्समधून रिले काढून बघूला दिला, त्याने दोन्ही भाऊ आपापल्या खाचेत बसवले आणि बॉनेटवर थाप मारून गच्चीकडे बघत मोठ्याने म्हणाला, "ही माझ्या हातची आहे!"

"किती देते, काका?" नर्सने निघताना विचारलं.

"आकड्यावर जाऊ नकोस. किल्ली फिरवली की हो म्हणते," काका म्हणाले. मग त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि माझी पुढची काच पुसली. हात काचेवर थोडा जास्त वेळ राहिला. "आणि डावीकडे वळलीस की कप्पा उघडेल. घाबरू नकोस. तो बिघाड नाही."

आम्ही गल्लीच्या टोकाला जाऊन वळून परत आलो, कारण नर्सला बाहेर पडायचा रस्ता तिकडून नव्हता. काका अजून फुटपाथवर उभे होते, आम्ही गेलो त्या दिशेला हात हलवत. आता मी त्यांच्या डावीकडून, अगदी जवळून चालले होते. त्यांना मी दिसले नाही. नर्सने हॉर्न दाबला. सर्दी झालेला माझा आवाज बऱ्याच दिवसांनी निघाला.

"अहो, डावीकडे," काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, "कुठे?"

काकूंनी त्यांची हनुवटी धरून चेहरा माझ्याकडे वळवला.

आता मी पेशंटच्या दारांशी उभी राहते. काकांचे थेंब चालू आहेत, दिवसातून दोनदा, काकू घालतात. गेलेलं आलं नाही, आहे ते टिकून आहे. तुम्ही माझ्यासारखी छोटी गाडी घेतलीत तर तिचे अनुभव जरूर सांगा, तारे द्या, शिव्या द्या. फक्त शेजारच्या माणसाच्या पायाखालचं पायपुसणं अधूनमधून उचलून बघा. भोक पडलेलं असेल, तर "दिसतंय" म्हणू नका. एकदा "कुठे?" म्हणून बघा.